आधी वाट ठरवा, मग प्रश्न विचारा: मुलांच्या दवाखान्यात मनाची आणि वर्तणुकीची मदत कशी जोडावी

"शाळेच्या दिवशी सकाळी याचं पोट हमखास दुखतं." "रात्री चार-चारदा उठते." "हल्ली खोलीतून बाहेरच येत नाही." अशी वाक्यं मुलांच्या डॉक्टरांना रोज ऐकू येतात. बहुतेकदा ती लस टोचून झाल्यावर, पालक उठून दाराशी पोहोचल्यावर येतात. मनाच्या तक्रारी प्राथमिक दवाखान्यात आधीपासूनच येत असतात, त्यांच्यासाठी वेगळे पेशंट शोधावे लागत नाहीत. पण त्या ऐकल्यावर पुढे काय करायचं हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं. मग "मोठा झाला की होईल ठीक" असं तरी म्हटलं जातं, नाहीतर समुपदेशकाच्या नावाची चिठ्ठी हातात दिली जाते आणि त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं हे कोणालाच कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात जणांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेतल्या पाहणीतून दाखवलं, की आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. या वयात मूल ज्या एका डॉक्टरकडे नियमित जातं, तो म्हणजे त्याचा नेहमीचा डॉक्टर. मदत तिथेच जोडायला हवी.

हा लेख दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी, नर्ससाठी आणि तिथे काम करू पाहणाऱ्या समुपदेशकांसाठी आहे. सगळ्या लेखातून माझं सांगणं एकच आहे: उत्तर आल्यावर काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर प्रश्नावली वाटू नका. बहुतेक दवाखाने नेमकी उलटी सुरुवात करतात. फॉर्म छापतात, वाटतात, आणि पहिल्याच आठवड्यात एखाद्या मुलीने "जगावंसं वाटत नाही" यावर खूण केली की सगळ्यांची धावपळ उडते.

पायरी १: आपल्याला कोणतं रूप झेपेल ते पाहा

जोडणीची रूपं ढोबळमानाने तीन. पहिल्यात तज्ज्ञ बाहेर असतो, पण त्याच्याशी फोनवर आणि पत्रातून नियमित देवाणघेवाण असते. दुसऱ्यात समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ त्याच इमारतीत बसतो, पण त्याचं काम, त्याच्या वेळा आणि त्याची कागदपत्रं वेगळी असतात. तिसऱ्यात तो दवाखान्याच्या टीमचाच भाग असतो: केसपेपर एकच, योजना एकच, आणि डॉक्टरांनी हाक मारली की पाच मिनिटांत तो खोलीत.

तिसरं रूप सर्वांत चांगलं, यात वाद नाही. पण एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याने तिथूनच सुरुवात करायची ठरवली, तर सुरुवात कधी होतच नाही. अशांसाठी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं उदाहरण उपयोगी आहे. तिथे २००४ मध्ये एक योजना सुरू झाली. बालरोगतज्ज्ञ फोन करतो आणि बालमानसोपचारतज्ज्ञ त्याला थोड्याच वेळात फोनवरून सल्ला देतो. मूल आपल्याच डॉक्टरकडे राहतं, फक्त डॉक्टरच्या मागे कोणीतरी उभं असतं. एवढं जमवायला नवा पगारदार माणूस लागत नाही. ओळखीचा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि ठरलेला आठवड्याचा एक तास पुरतो.

थोडी मोठी झेप घ्यायची तर "सहयोगी उपचार" नावाची पद्धत आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या युर्गन उन्युट्झर यांच्या गटाने ती आधी वयस्कांच्या नैराश्यासाठी पक्की केली, नंतर ती किशोरवयीनांसाठी वापरली गेली. तिच्यात तिघं असतात. डॉक्टर आणि पाठपुरावा सांभाळणारा समन्वयक हे दोघं पेशंटच्या संपर्कात राहतात. तिसरा मानसोपचारतज्ज्ञ. तो बहुतेक मुलांना प्रत्यक्ष भेटत नाही, पण समन्वयकाबरोबर दर आठवड्याला यादी तपासतो. २०१५ मध्ये जोन असारनाउ आणि सहकाऱ्यांनी ३१ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत जोडलेल्या सेवेतल्या मुलाची स्थिती अधिक चांगली असण्याची शक्यता ६६ टक्के निघाली. ही सहयोगी पद्धत वापरली होती तिथे ती ७३ टक्के होती. एकाच इमारतीत बसण्यापेक्षा नेटाने केलेला पाठपुरावा जास्त कामाला येतो, असं मी त्यावरून समजतो.

पायरी २: 'हो' आल्यावर काय, ते एका कागदावर लिहा

खरं काम या पायरीत आहे. कागद एकच असू द्या, दोन्ही बाजूंनी भरलेला चालेल, आणि तो टीमने एकत्र बसून लिहावा.

त्यात उत्तरांचे तीन गट असावेत. पहिला, काळजीचं कारण नाही: पालकांना तसं सांगायचं आणि पुन्हा कधी विचारणार ते लिहायचं. दुसरा, काहीतरी आहे पण आज धोका नाही: डॉक्टर आज किती वेळ देणार, समुपदेशक असेल तर त्याला कधी बोलावणार, पुढची भेट किती दिवसांत. तिसरा, आज धोका आहे. मुलाबरोबर खोलीत कोण थांबणार? त्या वेळी बाकीचे पेशंट कोण सांभाळणार? पालकांशी कोण बोलणार? कोणत्या रुग्णालयाला फोन करायचा, तिथल्या आपत्कालीन विभागाचा थेट नंबर कोणता, मूल तिथे कसं पोहोचणार, आणि ते पोहोचलं का हे रात्री फोन करून कोण विचारणार? हे सगळं नावानिशी लिहा. "संबंधित व्यक्ती" असं लिहिलंत की त्या दिवशी ती व्यक्ती कोणीच नसते.

त्याच कागदाच्या मागे पुढे पाठवायच्या ठिकाणांची यादी ठेवा. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली यादी नको. प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करा आणि विचारा: कोणत्या वयाची मुलं घेता, कोणत्या भाषेत बोलता, पहिली भेट किती आठवड्यांनी मिळते? निम्मे नंबर बंद निघाले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. ही यादी वर्षातून दोनदा अशीच तपासा.

पायरी ३: एक वयोगट निवडा, एकच प्रश्नावली निवडा

सगळ्या वयांसाठी सगळी साधनं एकदम आणण्याचा मोह टाळा. कोणत्या वयात काय विचारायचं याचा अंदाज मात्र आधी हवा.

अगदी तान्ह्या बाळाच्या भेटीत तपासायची ती आई. आईच्या नैराश्याचा परिणाम बाळाच्या झोपेवर, दूध पिण्यावर आणि दोघांच्या नात्यावर होतो, आणि त्या महिन्यांत आई स्वतःच्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा बाळाला घेऊन जास्त वेळा येते. १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिनबर्ग प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असल्याने तो नेहमी वेगळा वाचायचा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना बाळाच्या १, २, ४ आणि ६ महिन्यांच्या भेटीत हे विचारायला सांगते.

१६ ते ३० महिन्यांदरम्यान स्वमग्नतेसाठी एम-चॅट-आर/एफ हे वीस प्रश्नांचं साधन वापरतात. ० ते २ गुण कमी धोका, ३ ते ७ मध्यम, ८ किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त. मध्यम गुण आले की लगेच पुढे पाठवायचं नाही. आधी ठरवून दिलेली पाठपुरावा मुलाखत घ्यायची. बरेच दवाखाने हा दुसरा टप्पा गाळतात आणि विनाकारण पालकांची झोप उडवतात.

शाळकरी मुलांसाठी पीएससी-१७ ही भावना आणि वागणुकीबद्दलची प्रश्नावली मला सर्वांत सोपी वाटते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मायकेल जेलिनेक आणि मायकेल मर्फी यांनी तयार केलेल्या ३५ प्रश्नांच्या यादीची ही छोटी आवृत्ती. बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी नैराश्याची पीएचक्यू-९, किशोरवयीनांसाठी फेरफार केलेली. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये १२ ते १८ वयात नैराश्याची आणि ८ ते १८ वयात चिंतेची चाळणी करण्याची शिफारस केली आहे. अतिचंचलतेसाठी व्हँडरबिल्ट प्रश्नावल्या आहेत. त्यांतला एक संच पालकांसाठी आणि दुसरा शिक्षकांसाठी असतो, कारण लक्षणं एकाहून अधिक ठिकाणी दिसल्याखेरीज ते निदान करता येत नाही.

भाषेबद्दल एक पथ्य पाळा. प्रश्नावलीचा तपासून घेतलेला अनुवाद मिळतो का ते आधी पाहा. घरी बसून केलेल्या भाषांतरात गुणांच्या सीमारेषा, म्हणजे ज्या आकड्यापासून काळजी करायची ते आकडे, तशाच लागू पडतील याची खात्री नसते. काही साधनं मोफत असतात, काही विकत घ्यावी लागतात. फोटोकॉपी काढण्यापूर्वी अटी वाचा.

कोणताही एक वयोगट घेऊन सुरुवात करायची झाली, तर मी १२ ते १४ वर्षांचा घेईन. या मुलांचं दवाखान्यात येणं कमी झालेलं असतं, म्हणून आलेली प्रत्येक भेट मोलाची.

गुण कसे वाचायचे: एक नमुना

समजा, नऊ वर्षांच्या मुलाच्या आईने पीएससी-१७ भरली. प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' म्हणजे ०, 'कधी कधी' म्हणजे १, 'बऱ्याचदा' म्हणजे २. बेरीज १३ आली. सीमारेषा १५ ची आहे, म्हणून घाईत असलेला माणूस कागद फाइलला लावून मोकळा होईल.

पण या सतरा प्रश्नांचे तीन उपगट आहेत. आतल्या आत सोसण्याचा, म्हणजे उदासी आणि चिंतेचा, याची सीमारेषा ५. लक्ष टिकण्याचा, सीमारेषा ७. आणि भांडण, नियम मोडणं, दुसऱ्याला दोष देणं यांचा, सीमारेषा ७. या मुलाची वाटणी अशी: उदासी-चिंता ६, लक्ष ४, भांडण ३. बेरीज रेषेखाली, पण पहिला उपगट रेषेच्या वर. हे मूल वर्गात कोणाला त्रास देत नाही, शिक्षकांची तक्रार नाही, घरी "शहाणं" म्हणून ओळखलं जातं. अशी मुलं नुसती बेरीज पाहिली की हमखास सुटतात. म्हणून गुण मोजणाऱ्या माणसाला चार आकडे लिहायला शिकवा.

आणखी एक गोष्ट. प्रश्नावली निदान करत नाही. ती फक्त सांगते की इथे थांबून बोला.

पायरी ४: कागद कोण देणार, कुठे भरणार

वजन-उंची घेणाऱ्या नर्सने कागद द्यावा, आणि डॉक्टर खोलीत येण्याआधी गुण मोजून केसपेपरच्या वर लावावा. डॉक्टरने तिथे बसून बेरजा केल्या तर योजना महिनाभरात गुंडाळली जाईल. देताना म्हणायचं वाक्यही ठरवून द्या: "या वयाच्या सगळ्याच मुलांना आम्ही हे विचारतो." यातला 'सगळ्याच' हा शब्द वगळला, की पालक विचारतात, "आमच्याच मुलात काय दिसलं तुम्हाला?"

बारा वर्षांच्या मुलीला आईच्या शेजारी बसवून पीएचक्यू-९ भरायला दिली, तर तिची उत्तरं आईला दाखवण्याजोगीच येतील. उंची मोजायच्या निमित्ताने तिला आत घ्या आणि तिथे भरायला द्या. वाचता न येणाऱ्या पालकांना प्रश्न वाचून दाखवा, पण आवाज वेटिंग रूमपर्यंत जाणार नाही असे. कागद हातात येताच नर्सने आधी नववा प्रश्न पाहायचा, मरणाच्या विचारांचा. त्यावर शून्याशिवाय काहीही असेल तर डॉक्टरला लगेच सांगायचं, रांग कितीही असो.

पायरी ५: डॉक्टरची पहिली दहा मिनिटं

आधी शरीर नीट तपासा. वर्तणुकीची तक्रार म्हणून आलेल्या किती गोष्टी शरीरात निघतात, हे विसरायला होतं. वर्गात लक्ष नाही? ऐकू नीट येतं का, दिसतं का ते बघा. घोरतो का विचारा. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड वाढून रात्रीची झोप तुटत असेल, तर दिवसा ते मूल अतिचंचल असल्यासारखं वागतं. मधेच काही सेकंद टक लावून हरवल्यासारखं होतं? तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो. थकवा आणि चिडचिड असेल तर रक्त कमी आहे का, थायरॉइड कसं आहे, कोणती औषधं चालू आहेत ते पाहा. शिकण्यातली अक्षमता, शाळेतला छळ आणि घरातला किंवा बाहेरचा अत्याचार हे तिन्ही मनात ठेवूनच बोला.

किशोरवयीन मुलाबरोबर थोडा वेळ एकट्याने बोलणं हा दवाखान्याचा नियमच करून टाका. सुरुवातीलाच गोपनीयतेची हद्द सांगा, दोघांच्या समोर: "आता मी थोडा वेळ तुझ्याशी एकट्याशी बोलणार आहे. तू जे सांगशील ते आपल्यातच राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कोणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल. पण आधी तुला सांगूनच." अत्याचाराच्या माहितीबाबत कायद्याने काय बंधनकारक आहे ते ठिकाणानुसार बदलतं. तुमच्या ठिकाणचा नियम पायरी २ च्या कागदावर लिहिलेला हवा.

प्रश्नांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे न्यावा: घर, शाळा, खाणं, मित्र, रिकामा वेळ, मग व्यसनं, नातेसंबंध, उदासी आणि शेवटी आत्महत्येचे विचार. घरापासून सुरुवात करून इथवर येईपर्यंत मुलाचा सूर लागलेला असतो.

लॅरी विसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखवून दिलं, की प्राथमिक डॉक्टरांना थोड्या वेळाचं संभाषणाचं प्रशिक्षण दिलं तरी मुलांच्या आणि पालकांच्या त्रासात फरक पडतो. त्या प्रशिक्षणात मोठं मानसशास्त्र नव्हतं. आशा दाखवणं, समोरच्याचेच शब्द वापरणं, सल्ला देण्याआधी परवानगी घेणं, रागावलेल्या पालकाला न तोडता बोलणं वळवणं, आणि उठताना छोटी का होईना एक योजना हातात देणं, एवढंच. "तुम्ही त्याला फार लाडावलंय" हे वाक्य त्या खोलीत कोणीही उच्चारू नये. तसं बोललं गेलं की पुढची भेट होत नाही.

पायरी ६: चिठ्ठीऐवजी ओळख करून द्या

समुपदेशक इमारतीत असेल, तर "बाहेर नाव नोंदवा" म्हणून पाठवू नका. डॉक्टरने स्वतः त्याला खोलीत आणावं आणि मुलासमोर, पालकांसमोर दोन वाक्यांत विषय सांगावा. काहीसं असं:

"या आमच्या समुपदेशक, आमच्या टीममधल्याच आहेत. ताई, याला गेले दोन महिने शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं. सुट्टीला दुखत नाही. मी तपासलंय, काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही, पण दुखतं हे खरं आहे. शाळेत परत जायची घडी कशी बसवायची, त्यात तुमची मदत हवी. बरोबर सांगितलं का मी?"

शेवटचा प्रश्न मुलाला विचारलेला आहे. "दुखतं हे खरं आहे" हे तर फार मोलाचं. "काही नाही, सगळं मनाचं आहे" असं ऐकलं की मूल खोटं ठरतं आणि आई अपमानित होते. अर्थात हे म्हणण्याआधी डॉक्टरने धोक्याच्या खुणा नाहीत याची खात्री केलेली असावी: वजन घटणं, दुखण्याने रात्री जाग येणं, शौचातून रक्त, ताप, सतत उलट्या, वाढ खुंटणं.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं समुपदेशकाची. तेवढ्यात पूर्ण थेरपी होत नाही, ती करायचीही नाही. एक ध्येय आणि एक योजना पुरे. या मुलासाठी ती अशी असू शकेल: पहिले दोन दिवस फक्त पहिला तास शाळेत, आई-वडिलांपैकी एक जण फाटकापर्यंत, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. पोट दुखलं तर वर्गशिक्षकांना सांगून दहा मिनिटं बाजूला बसायचं, श्वास सावकाश घ्यायचा आणि परत वर्गात जायचं. घरी पाठवायचं नाही. दुखतंय का हे आईने सकाळी उठवताना विचारायचं नाही. शाळेला कोणी कळवायचं तेही तिथेच ठरवायचं.

लहान मुलांच्या हट्टासाठी आणि मारझोडीसाठी पालकांना शिकवायच्या गोष्टी थोड्याच आहेत: चांगलं वागताना नेमक्या शब्दांत कौतुक, एका वेळी एकच सूचना, ठरलेला आणि शांतपणे पाळलेला परिणाम, आणि निरुपद्रवी हट्टाकडे दुर्लक्ष. यात एक इशारा आधीच द्यायला हवा. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस रडारड वाढते, कारण मूल जुनाच उपाय जोर लावून करून बघतं. हे न सांगता पालकांना घरी पाठवलं, तर तिसऱ्या दिवशी ते म्हणतात, "तुमच्या सल्ल्याने उलट बिघडलं." चार-पाच वर्षांच्या मुलांत अतिचंचलतेसाठीही औषधाआधी पालकांचं हे प्रशिक्षण, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शनात आहे.

समुपदेशकाच्या वेळापत्रकाबद्दलही सांगायला हवं, कारण चांगले प्रयोग इथेच फसतात. सुरुवातीला तो रिकामा बसलेला दिसतो. मग कोणीतरी त्याला तासातासाच्या भेटी लावून देतं. दोन महिन्यांत वही पूर्ण भरते आणि डॉक्टरने हाक मारली की उत्तर येतं, "आत पेशंट आहे." दर तासातला निदान अर्धा भाग मोकळा ठेवायचा आणि तो मोकळा दिसला म्हणून भरायचा नाही.

पायरी ७: आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर

विचारल्याने मुलाच्या डोक्यात कल्पना शिरते, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. स्पष्ट विचारा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेल्या एएसक्यू साधनात चार प्रश्न आहेत आणि ते विचारायला सुमारे वीस सेकंद लागतात. चारांपैकी एकालाही 'हो' आलं, किंवा मुलाने उत्तर द्यायचं नाकारलं, तर पाचवा प्रश्न: आत्ता या क्षणी तसे विचार येताहेत का? तिथे 'हो' म्हणजे आणीबाणी. मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि पायरी २ मधला तिसरा गट सुरू करायचा.

पाचव्याला 'नाही' आलं तरी त्याच दिवशी थोडक्यात सुरक्षिततेची पाहणी करायची: किती वेळा विचार येतात, काही ठरवलंय का, पूर्वी प्रयत्न केलाय का, घरी आधाराला कोण आहे. मूल घरी जाण्याइतकं सुरक्षित वाटलं, तर त्याच्याबरोबर बसून सुरक्षा योजना लिहा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांच्या आराखड्यात सहा भाग आहेत: धोक्याची चाहूल कशी लागते, स्वतःला सावरायला मी काय करतो, मन वळवायला कुठे जाईन, मदत कोणाला मागेन, कोणत्या तज्ज्ञाला किंवा हेल्पलाइनला फोन करेन, आणि घर सुरक्षित कसं करायचं. शेवटचा भाग पालकांबरोबर. औषधं, कीटकनाशकं, शस्त्रं कुलुपात किंवा घराबाहेर, आणि हे आज रात्रीपर्यंत. "मी असं काही करणार नाही" असं वचन लिहून घेण्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही. त्याने फक्त मोठ्यांचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी फोन करायचाच. कोण करणार, ते नाव आदल्या दिवशीच लिहिलेलं असावं.

पायरी ८: नोंदवही

सॉफ्टवेअर नसेल तर साधी रेघांची वही चालते. रकाने: केसपेपर क्रमांक, पहिली तारीख, पहिले गुण, योजना काय, पुढच्या संपर्काची तारीख, संपर्क झाला का, आताचे गुण. आठवड्यातून एकदा समन्वयक आणि डॉक्टरने ही वही घेऊन बसायचं. चर्चा सुधारलेल्या मुलांची नको. जी आली नाहीत आणि ज्यांचे गुण हलले नाहीत, त्यांची करायची.

नैराश्यात पीएचक्यू-९ चे गुण निम्म्याने उतरले तर उपचार लागू पडतोय असं समजतात, पाचाच्या खाली आले तर लक्षणं ओसरली. काही आठवडे होऊनही आकडा जागचा हलत नसेल, तर तीच योजना रेटत राहू नका. बदला, किंवा मानसोपचारतज्ज्ञाला विचारा. नैराश्यावरची औषधं सुरू केली असतील तर पहिल्या आठवड्यांत भेटी जवळजवळ ठेवा. आत्महत्येचे विचार वाढण्याच्या शक्यतेबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांबाबत ठळक इशारा दिला होता. त्यामुळे औषध टाळायचं नाही, लक्ष ठेवायचं.

केसपेपरवर काय लिहायचं याचं तारतम्य हवं. योजना, गुण आणि धोका आहे की नाही हे सगळ्या टीमला दिसावं. घरातल्या भांडणाचे तपशील तिथे लागत नाहीत. शाळेला पत्र द्यायचं तर पालकांची संमती घेऊन, आणि निदानाचं नाव न लिहिता काय सोय हवी तेवढंच लिहून.

पायरी ९: लहान सुरुवात आणि मोजणी

आठवड्यातला एक दिवस, एक डॉक्टर, एक वयोगट. दिवस सुरू होण्याआधी पाच मिनिटं उभ्या उभ्या बैठक: आज या वयाची कोण कोण येणार, समुपदेशक कधी मोकळा आहे. महिन्याअखेरीस तीन आकडे काढा. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांपैकी किती जणांना विचारलं? ज्यांचं उत्तर काळजीचं होतं त्यांपैकी किती जण त्याच दिवशी कोणाशी बोलले? आणि त्यांपैकी किती जणांशी दुसऱ्यांदा संपर्क झाला? पहिला आकडा लवकर सुधारतो आणि दाखवायला बरा वाटतो. तिसरा सुधारायला वेळ लागतो, आणि मुलांच्या उपयोगाचा तोच.

आकडे पडले तर माणसांना दोष देण्याआधी कागदाची वाट तपासा. बहुतेकदा फॉर्म संपलेले असतात, किंवा नवीन नर्सला कोणी सांगितलेलं नसतं, किंवा लसीकरणाच्या गर्दीच्या दिवशीच ही योजना ठेवलेली असते.

दुसरा वयोगट कधी घ्यायचा? नोंदवहीतला 'संपर्क झाला का' हा रकाना सलग तीन महिने जवळपास पूर्ण भरलेला दिसला की. तोपर्यंत नवे फॉर्म छापू नका.